पोत्याच्या मापाची खिडकी

मला कुणी बोलावलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. शेजारच्या घरात सुतार शिरताना दिसला आणि माझं शिलाई मशीन आपोआप थांबलं. (मशीन माझ्यासारखंच आहे, शेजारी खुट्ट झालं की त्याचा दोरा तुटतो.) "आलोच," असं बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "का, तिथे कुणाची बटणं तुटलीत?"

शेजारी सासू, सून, सुनेचं रांगायला लागलेलं बाळ आणि दोन मांजरं. मुलगा नोकरीपायी परगावी. मांजरं सूनबाईनं लग्नाआधीपासून पाळलेली. एक सडपातळ, तिचं नाव सुतळी. दुसरं इतकं भरगच्च की त्याला सगळे पोतंच म्हणतात. त्यांची शी-शूची रेतीची पेटी वरच्या मजल्यावर. आणि बाळाला अलीकडे जिन्याचं फार वेड लागलेलं.

सूनबाई सोमवारपासून पुन्हा कामावर जाणार होती. सासूबाईंचे गुडघे म्हणजे गंजलेल्या बिजागऱ्या. बाळामागे जिना कशा चढणार? म्हणून जिन्याच्या पायथ्याशी कमरेइतकं दार बसवायचं ठरलं. पण दार लागलं की मांजरांनी वर जायचं कसं? यावर सासूबाईंचा निकाल तयार होता. मांजरांनी एकदा जरी खाली गालिच्यावर कार्यक्रम उरकला, तर दोघांची रवानगी बहिणीच्या घरी. सूनबाई नुसती पोत्याला मांडीवर घेऊन बसली. मांडी दिसत नव्हती.

सुतार म्हणाला, दाराला खाली एक खिडकी कापतो, मांजराचं माप द्या.

माप म्हटल्यावर शिंपी माणूस गप्प बसेल? टेप माझ्या गळ्यातच होती. गिऱ्हाईक उभं राहायला तयार नव्हतं, तरी मी छाती, कंबर, पोट सगळं मोजलं. तिन्ही एकच निघालं. त्यावर सवयीप्रमाणे चार बोटं सैल धरलं. मग वाटलं, खातंपितं जनावर आहे, उद्या अंग भरेल, आणि कपडा अंगाला बसला नाही की दोष शिंप्यालाच. म्हणून वाढीचं म्हणून आणखी थोडं. सुतारानं आकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काका, मांजरासाठीच ना?"

"तुम्ही कापा हो."

दार बसलं. सुतळी खिडकीतून वाऱ्यासारखी गेली. पोतं ऐटीत गेलं, दोन्ही बाजूंना जागा सोडून. मी शाबासकीसाठी सगळ्यांकडे बघतोय, तेवढ्यात बाळही त्यातून पलीकडे गेलं. काही घाई नाही, गडबड नाही. पोत्याच्या शेपटीमागून, बोलावणं आल्यासारखं. सूनबाईनं त्याला वरच्या पायरीवरून उचलून आणलं.

सासूबाईंनी फोन हातात घेतला. "बहिणीला विचारते, शनिवारी घरी आहे का," त्या सावकाश म्हणाल्या. सूनबाई मान खाली घालून बाळाच्या झबल्याचं लावलेलंच बटण पुन्हा लावत राहिली. तिची मांजरं माझ्या चार बोटांपायी बेघर होणार होती.

मी सुताराच्या मागेच लागलो. म्हटलं, खिडकीला ठिगळ लावू. दार निघालं, बिजागऱ्या निघाल्या. ठिगळ उभं लावावं की आडवं, आतून की बाहेरून, हे मी त्याला नीट समजावत होतो. तो हूं हूं करत स्क्रू पिळत होता. माझं बोलणं संपलं तेव्हा (म्हणजे मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा) दार पुन्हा बसलेलं होतं. उलटं. कोरी फळी खाली, खिडकी वर.

"तुम्ही बोलत होता ना," सुतार म्हणाला, "लक्ष चुकलं." आणि तो दार परत काढायला लागला.

"थांबा जरा," सूनबाई म्हणाली.

बाळ रांगत दारापाशी आलं. फळीवर थापट्या मारल्या, वर बघितलं आणि बसकण मारली. सुतळी त्याच्या डोक्यावरून उडी मारून खिडकीतून पसार झाली. उरलं पोतं. ते खिडकीकडे बघत होतं, सासूबाई पोत्याकडे, आणि सूनबाई कुणाकडेच नाही. एवढ्यात बाळानं पोत्याची शेपटी मुठीत धरून ओढली. पोतं जन्मात पहिल्यांदा उडालं. नेम साफ चुकला होता, पण खिडकीच एवढी ऐसपैस की तिच्याबाहेर जायला पोत्याला जमलं नाही. पलीकडे पायरीवर धप्प आवाज आला. थोड्या वेळानं वरून रेती उकरल्याचाही आला.

सासूबाईंनी फोन ठेवला. "राहू देत. मला तरी दिवसभर सोबत कोण आहे?" सूनबाईनं पदरानं डोळे पुसले आणि मला चहा मिळाला.

मी निघालो तेव्हा ती सुताराशी हळू आवाजात काही बोलली. सुतार हसला आणि मला म्हणाला, असंच एक दार बाहेरच्या चौकटीलाही करायचंय, माप घेता का? मी आनंदानं घेतलं. वर सल्लाही दिला, की हे चांगलं छातीइतकं करा आणि कडी आतून ठेवा.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "बाळ जातं का त्या बाहेरच्या दाराकडे?"

"छे, ते नेहमी लोटलेलं असतं."

"मांजरं?"

"ती कधी घराबाहेर पडत नाहीत."

बायको गालातल्या गालात हसत आत गेली. मी मशीनवर बसून विचार करत राहिलो, मग ते दार नक्की कुणासाठी? दूधवाला बेल वाजवतो. पोस्टमन बेल वाजवतो. सुतारसुद्धा बेल वाजवूनच आत गेला होता. त्या घराची बेल दाराच्या डाव्या बाजूला आहे की उजव्या, हे मला मात्र काही केल्या आठवेना.