कंपनी बंद करायला धुळ्याला

एकदा ठरवलं की मी मागे हटत नाही! नणंदेला दिवाळीत किती दिवस ठेवून घ्यायचं इथपर्यंतचे निर्णय मी एका वाक्यात घेते. एप्रिलातल्या एका सोमवारी मी जाहीर केलं, "कंपनी बंद! उद्या सकाळच्या बसने धुळ्याला जाते, कोकिळाच्या सह्या घेते, नोटरी करते आणि पाचच्या चहाला जळगावात हजर!" आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि माझ्याकडे आदराने पाहिलं. बत्तीस वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा कधी पाहिलं होतं ते मलाही आठवत नाही.

हो, माझी कंपनी आहे! नूतन-कोकिळा गृहोद्योग प्रायव्हेट लिमिटेड. मी नूतन, ती कोकिळा. चोपड्याला एकाच गल्लीत वाढलो, लग्न होऊन दोघीही जळगावात आलो आणि अकरा वर्षांपूर्वी जोशात येऊन पापडांची कंपनी काढली. उडदाचे पापड थेट दुबईला पाठवणार होतो. पहिली ऑर्डर भुसावळपर्यंत गेली. मग कोकिळाच्या सासूबाई पडल्या, त्यांची मांडी मोडली, आणि सासूला सांभाळायला कोकिळा धुळ्याला देवपुरात राहायला गेली. कंपनी तिथेच आडवी झाली ती आजपर्यंत.

पण बंद नाही केली! कारण सांगते, हसू नका. आमच्या घरी बाईने गावाला जायची चार कारणं मान्य आहेत. माहेर, लग्न, दवाखाना आणि कुणी वारलं तर दारावर बसायला जाणं. मैत्रीण त्या यादीत नाही. मी एकदा म्हटलं होतं, "कोकिळाला भेटून येते." तर हे म्हणाले, "का? काय झालं तिला?" काही झालं नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग फोनवर बोल ना!"

कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा मात्र कायदा आहे! कंपनीचा पत्ता आम्ही धुळ्याचा करून घेतला, त्यामुळे सभा धुळ्यालाच. दर सप्टेंबरात मी फाइल काखेत मारून निघते आणि हे मला स्वतः स्टँडवर सोडतात. सभा अकराला सुरू होते, अकरा वाजून पाच मिनिटांनी संपते. नंतर ऐनवेळचे विषय. ते शेवटच्या बसपर्यंत चालतात. वर्षातला तेवढा एक दिवस मी कुणाची बायको, कुणाची आई नसते. त्या दिवसाची वाट मी ऑक्टोबरपासून बघायला लागते.

यंदा आमचे सीए जितेंद्र यांनी ह्यांनाच फोन लावला. "साहेब, झोपलेल्या कंपनीचे दरवर्षी फॉर्म भरायचे, फी भरायची, कशाला? बंद करून टाका." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. चालू ठेवण्याचं एकही शहाणपणाचं कारण माझ्याजवळ नव्हतं. जे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून मी जोरात म्हटलं, "बंद!"

कोकिळाला फोन केला. सांगायचं होतं, पण जीभ रेटेना. एवढंच बोलले, "उद्या येते गं. कंपनीचं काम आहे."

ती किंचाळलीच, "एप्रिलात?"

"हो."

"ये ये ये!" आणि फोन बंद.

तेव्हाच मला शंका यायला हवी होती. खान्देशात एप्रिलातलं ऊन, उडीद आणि दोन बाया एकत्र आल्या की त्याचा अर्थ एकच होतो. पण मी एरंडोल गेलं, पारोळा गेलं, तरी खिडकीतून बाहेर बघत एकच वाक्य घोकत होते. कोकिळा, आपण कंपनी बंद करू या. कोकिळा, आपण कंपनी बंद करू या.

तिच्या दारात चपलांचा ढीग! म्हटलं, सासूबाई गेल्या की काय! आत पाऊल टाकलं तर सासूबाई, भिकुबाई, खाटेवर टुणटुणीत बसलेल्या. आणि खाली ओसरीभर बाया! चौदा बाया, चौदा पोळपाट, चौदा लाटणी. मधोमध परातीत उडदाचं पीठ. चांगलं वीस किलो. कुटून, तेल लावून, मळून तयार!

"उनी वं माय!" भिकुबाई ओरडल्या. "तुनी वाट देखी देखी मना डोया दुखी गयात! कंपनी चालू व्हई गयी ना?"

कोकिळा आतून धावत आली. केसांना पीठ, डोळ्यांत पाणी. "नूतने, मला माहीत होतं, तू एक दिवस कंपनी चालू करायला येणार! रात्रीच उडीद दळून आणले. आख्खी गल्ली बोलावली. बायांनो, ही आमच्या कंपनीची डायरेक्टर बरं का!"

चौदा बायांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या हातातली पिशवी आपोआप पाठीमागे गेली. पिशवीत स्टॅम्पपेपर होते.

"कोकिळा, जरा आत ये. बोलायचंय."

"बोलू की! आधी लाट्या काप. पीठ वाळतंय!"

मळलेलं पीठ कुणाचंही ऐकून घेत नाही. मी मुकाट्याने पदर खोचला आणि दोऱ्याने लाट्या कापायला बसले. म्हटलं, दहा मिनिटांनी सांगू. दहा मिनिटांनी कोकिळाने एक कच्ची लाटी तेलात बुडवून माझ्या तोंडात कोंबली. चोपड्याला आम्ही तिच्या आईची नजर चुकवून अशाच खायचो. तोंडात लाटी असताना कंपनी कशी बंद करणार?

"मॅडम, किलोमागे लाटायचे काय देणार?" एका बाईने विचारलं.

"मॅडम, माझ्या सुनेला पॅकिंगला घ्याल का?" दुसरीने.

"मॅडम, दुबईला खरंच जाणार का?" तिसरीने.

"बघू," मी म्हटलं. माझ्या तोंडून 'बघू'! एका वाक्यात निर्णय घेणारी मी!

तेवढ्यात ह्यांचा फोन. "झाल्या सह्या?"

"चालू आहे."

"मागे कसला खटखट आवाज येतोय?"

"नोटरीकडे गर्दी आहे," मी म्हटलं आणि फोन पदराखाली दडवला.

दुपारी दोनपर्यंत खाटा, पलंग, गच्चीचा जिना, सगळीकडे पापड. भिकुबाईंच्या पायांवरसुद्धा चार होते. "हालू नका हां, आजी," असं त्यांना बजावलं होतं आणि त्या खरंच हालत नव्हत्या. बाया जेवायला आपापल्या घरी गेल्या. आम्ही दोघीच उरलो, एका पोळपाटाच्या दोन बाजूंना.

मी सांगितलं. एका दमात. जितेंद्र, फी, फॉर्म, सगळं.

कोकिळा लाटतच राहिली. तो पापड इतका पातळ झाला की खालच्या पोळपाटाचं लाकूड दिसायला लागलं. मग तो फाटला.

"पापड नाही विकले तरी चालेल गं," ती खाली बघत म्हणाली. "पण मग सप्टेंबरात तू घरी काय सांगून येशील?"

मी रडले. उडदाच्या पिठाने डोळे चोळले म्हणून आणखी रडले. मग तीही रडली. भिकुबाई खाटेवरून ओरडल्या, "काय व्हयनं वं? कोणी मरनं का?" त्यांना यायचं होतं आमच्याजवळ, पण पायांवर पापड होते.

चारला आम्ही नोटरीकडे गेलो. कोकिळाने न वाचता सह्या केल्या. प्रत्येक सहीखाली पिठाचा अंगठा उमटला. नोटरी म्हणाले, "मॅडम, अंगठ्याची गरज नाही." स्टँडवर तिने मला पाच किलो पापडांचा डबा दिला. बस सुटली तरी ती उन्हात उभीच होती. मी पारोळ्यापर्यंत मागे वळून बघत होते, जणू धुळं तिथून दिसतं!

पाचचा चहा सातला झाला. सह्या बघून हे खूश. कागद दुसऱ्याच दिवशी जितेंद्रकडे पोचले.

आठ दिवसांनी जितेंद्रचा फोन. फोन स्पीकरवर, हे शेजारी.

"नूतनताई, कंपनीच्या खात्यात चारशे रुपये कुठून आले?"

"पापडांचे. शेजारच्या हेमांगीताईंनी एक किलो घेतले."

"आणि बिल?"

"पक्कं दिलं. कंपनीच्या नावाचं."

पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. "ताई, कंपनीने दोन वर्षं काहीही धंदा केलेला नसेल तरच बंद करता येते! आता घड्याळ पहिल्यापासून सुरू. दोन वर्षं सभा घ्या, फॉर्म भरा!"

ह्यांनी डोळे वटारले. "तुला हे माहीत नव्हतं?"

"मला काय कळतं त्या कायद्यातलं!" मी पदराने तोंड पुसत म्हटलं. पुसणं भाग होतं, हसू लपत नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन कोकिळाला फोन केला. ती अशी किंचाळली की आख्ख्या गल्लीला ऐकू गेलं असणार.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? खात्याला हात लावू नका, बिल फाडू नका, हे जितेंद्रने मला तीनदा बजावलं होतं. मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. आणि हेमांगीताईंना पापड नकोच होते हो! त्यांच्या घरी त्यांचेच दहा किलो पडलेत. ते चारशे रुपये मीच त्यांच्या हातात कोंबले होते.