चालत्या घरांत फ्रिज चढविला त्याची बखर

श्रीगजानन समर्थ, शीतळादेवी पाठीशी. शके १९४४, शुभकृत नाम संवत्सर, वैशाख शुद्ध तृतीया, ते दिवशीं कोणे एके दौलतींत जें वर्तलें तें ऐकिल्याप्रमाणें लिहिलें आहे, पदरचें थोडें. त्या दौलतीचे धनी हैबतराव यांणीं साठी उलटतांच राज्य पुत्र जानोजी यांचे स्वाधीन केलें, आणि आपण मोटारीवर बांधलेलें घर घेऊन पत्नी लाडूबाईसाहेब यांसह मुलूख पाहावयास निघाले. घरांत निजावयास पलंग, रांधावयास शेगडी, आणि एक लहानसा फ्रिज, जो गॅसच्या ज्योतीवर चाले. हैबतरावांस मधुमेह, दोन वेळां सुई घ्यावी लागे, आणि तें औषध गार न राहिलें तर नासे. त्या फ्रिजची रीत ऐसी कीं गाडी सपाट भुईवर उभी असेल तरच गारवा धरी. आणि हैबतरावांची रीत ऐसी कीं मुक्काम करणें तो टेकाडाचे उतारावर, कां तर तेथून मावळतीचा सूर्य पुरता दिसतो. मग गाडी तिरपी आणि फ्रिज रुसे आणि औषध कोमट होई. ऐशा तीन कुप्या नासल्या. तेव्हां जानोजींनीं फोनावर निर्वाणीचें सांगितलें, "आईसाहेब, आणखी एक कुपी नासली तर गाडी विकायची आणि आबासाहेबांस घेऊन हवेलीस यायचें. माझा जीव टांगणीला लागतो." हवेली मोठी होती, आणि तींत लाडूबाईंनीं चाळीस वर्षें खिडकीबाहेर एकच भिंत पाहिली होती. बाई "बरें" म्हणाल्या, आणि मनांत म्हणाल्या, त्या भिंतीसमोर पुन्हा बसणें नाहीं.

मग बाईंनीं धन्यास विनविलें, "टेकाड सोडा." धनी म्हणाले, "सपाटीवरच राहायचें तर हवेली काय वाईट?" यावर बाईंस सुचलें तें हें कीं घरांत असतो तसा विजेचा फ्रिज आणावा, छपरावर सूर्याचे पत्रे आहेतच, पोटांत बॅटरी आहे, तो थोडा तिरपा राहिला तरी रुसत नाहीं. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरिला. जुना फ्रिज सकाळींच उपटून भंगारांत दिला, औषध थर्मासांत बर्फावर ठेविलें. नवा फ्रिज आला तों मुहूर्त सरत आलेला, म्हणून बाईंनीं तो रस्त्यावर उभा असतांच हळद वाहिली, कपाळीं कुंकवाचें स्वस्तिक काढिलें आणि दोरा बांधिला. मग हमालांनीं उचलिला, आणि दाराशीं अडला. फ्रिजचीं दारें उतरवून पाहिलीं, तरी दोन बोटें अडला.

हमाल म्हणाला, "माप कोणी घेतलं?"

हैबतराव म्हणाले, "आम्ही स्वतः. ज्या जागीं बसवायचा त्या जागेचें, चारही अंगांनीं."

"आणि दाराचं?"

"दारांतून आम्ही रोज येतों जातों. त्याचें माप काय घ्यायचें!"

हमालांत हंशा पिकला. मुकादम म्हणाला, "परत नेतो मालक, उद्या लहान आणून देतो." तों लाडूबाई पायरीवर आडव्या झाल्या, आणि म्हणाल्या, "कुंकू लावलेली वस्तु परत जात नाहीं. सून आली आणि उंबरठा अरुंद निघाला, तर सून माघारीं धाडाल?" यानंतर हैबतराव दारास उद्देशून जें बोलिले तें

[येथें कागद कसरीनें खाल्ला आहे. बरें जाहलें.]

आणि ऊन चढलें. बाई घटकेघटकेस थर्मास उघडून पाहत. बर्फ लिंबाएवढा उरला. मग गॅरेजवाले दाऊद मिस्त्री यांस बोलाविलें. त्यांणीं गाडीस एक फेरी घातली, चहा घेतला, आणि म्हणाले, "बाईसाहेब, दार अरुंद आहे, पण गाडीचं कपाळ केवढं मोठं! समोरची काच काढू." हैबतराव पांढरे पडले. बाई म्हणाल्या, "काढा." काच काढिली, आणि सहा जणांनीं फ्रिज हत्तीवरील अंबारीसारखा उचलून, चालकाचे आसनावरून, आंत घेतला. दारें बसलीं, काच बसली, वीज जोडिली, आणि फ्रिज घुमूं लागला. बर्फ सुपारीएवढा उरला होता तेव्हां कुपी आंत गेली. मिस्त्रींनीं दारांस पट्टा लाविला आणि बजाविलें, "हा घरचा आहे, याला वळणं ठाऊक नाहींत. पट्टा विसरलात तर पहिल्याच घाटात दार उघडून दूध बाहेर ओतेल."

सायंकाळीं हैबतराव आपण होऊन बोलिले, "आज सपाटीवर थांबूं. तुमच्या जिवास घोर नको." चाळीस वर्षांत ऐसें ते प्रथम बोलिले. बाई म्हणाल्या, "नाहीं. टेकाडावर चला. व्हायचें तें आजच होऊं दे." मग घाट चढले, वळणें घेतलीं, उतारावर मुक्काम केला, सूर्य पुरता मावळला. बाई मात्र फ्रिजकडे तोंड करून बसल्या होत्या.

उजाडतां बाईंनीं पट्टा सोडिला. लोण्याचा गोळा दगडासारखा. कुपी हातीं घेतली तों बोटें गारठलीं. बाई तेथेंच भुईवर बसल्या आणि कुपी गालास लावून पुष्कळ वेळ हसत राहिल्या. इतक्यांत जानोजींचा फोन आला, "आईसाहेब, औषध?"

"गार."

"आणि आपण?"

"मीही," बाई म्हणाल्या, आणि खिडकीचा पडदा सारिला. बाहेर दरी होती, भिंत नव्हती.

एवंच, दार हुकलें, कपाळ कामास आलें, चौथी कुपी वांचली, गाडी विकली नाहीं. फ्रिजवरील कुंकू अद्याप पुसलेलें नाहीं.