फिल्टरवरचा केस

तिन्ही चित्रांत, तेजोमेघाच्या डाव्या कडेला, पापणीच्या केसाएवढी पुसट वाकडी सावली होती. विद्यार्थिनीने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सावली तिथेच होती.

विद्यार्थिनी म्हणायचं, इतकंच. मरणाऱ्या ताऱ्याने उधळलेला हा वायूचा मेघ ती लग्नाआधीपासून टिपत होती आणि आता तिच्या भांगात पांढरं दिसू लागलं होतं. प्रत्येक वायू आपापल्या रंगात चमकतो. तेवढाच रंग सोडणारा फिल्टर लावला की मेघाचा वेगळाच सांगाडा दिसतो. हायड्रोजनचा झाला, तेव्हा सर म्हणाले, ऑक्सिजनचाही घे. तो झाल्यावर म्हणाले, नायट्रोजन आणि गंधक राहिलंच की. प्रबंध सादर करायचा विषय काढला की सरांना चहा आठवे.

"तारा मरायला टेकला, मीही टेकले," सासूबाई म्हणत. "तू डॉक्टर कधी होणार गं?"

परवा रात्री निरीक्षणाला सर स्वतः दुर्बिणीशेजारच्या खोलीत बसले होते. पुन्हा घेतलेला ऑक्सिजन, नायट्रोजन, गंधक, तिन्ही चित्रं हुबेहूब सारखी आली. आज ती पाहून सर हरखले. सगळे वायू एकजीव मिसळलेत, असं कुणीच पाहिलं नव्हतं. त्यांनी लगेच विभागप्रमुख मॅडमना बोलावलं.

"सर, हा केस फिल्टरवरचा आहे."

"मग पुसून टाक."

"तिन्ही फिल्टरांवर एकच केस कसा असेल? फिल्टर बदलणारी चकती फिरलीच नाही. तिन्ही चित्रं ऑक्सिजनचीच आहेत."

"न फिरायला काय झालं तिला?"

"वायर काढलेली आहे. आत्ताच बघून आले. खाली तुमची उशी होती."



"फार घरघर करते गं ती," सर हळूच म्हणाले. "जरा डोळा लागला, की हिचं सुरू."

तेवढ्यात मॅडम धापा टाकत आत आल्या. "कुठंय तुमचा चमत्कार?"

सर संगणकाच्या पडद्यासमोर आडवे उभे राहिले. "चमत्कार असा नाही. सहज बोलावलं."

"सहज? गुडघे धरून जिना चढलेय मी."

सरांनी विद्यार्थिनीकडे पाहिलं. ती चष्मा पुसत होती.  त्यांनी चहाचा कप उचलला. रिकामा होता.

"हिचं काम पुरं झालंय," सर म्हणाले. "प्रबंध सादर करू दे तिला. तेच तुमच्यासमोर सांगायचं होतं."