भाईंदर पूर्वेस दूध उतू घातले त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न असो. वाचणारांचे क्षेम चिंतून लिहिणे ऐसे जे, प्रांत मिरा-भाईंदर, तर्फ भाईंदर पूर्व, जेथे इमारतीस इमारत खेटोन उभी आणि एका खिडकीतील फोडणीने दुसऱ्या खिडकीत शिंक येते, तेथे राजश्री कौस्तुभराव यांणी सहावे मजल्यावर स्वतःचे नावाचा फ्लॅट घेतला. त्याचे गृहप्रवेशी जे तुंबळ जाहले ते, कोणाची भीड न धरितां, घडले तैसे लिहिले आहे.

मोहिमेचे मूळ ऐसे. कौस्तुभरावांच्या मातोश्री अनसूयाबाईसाहेब यांचा अवघा संसार अकरा-अकरा महिन्यांचे भाडेकरारावर गेला. आज पेणकरपाडा, पुढले साली स्टेशनापाशी, ऐसे ठाणे हलवीत हलवीत त्यांनी पुत्र वाढविला. दर नव्या खोलीत शेजारणी सांगत, दूध उतू घाला, शुभ असते. बाईसाहेब उत्तर करीत की परक्याचे घरी लक्ष्मी काय म्हणोन उतू घालावी, आपले होईल तेव्हां घालू. आणि मग गॅसपाशी उभे राहोन, फुंकर मारोन, जन्मभर दुधाचा थेंब सांडो दिला नाही. स्वतःचे घरी, स्वतःचे गॅसवर दूध उतू जाताना पाहावे, इतुकाच मनसुबा उरला होता.

परंतु दौलतीचा कारभार सूनबाई समिधाबाईसाहेबांचे हाती. मागे सासूबाईंचे पोट दुधाने फुगो लागले, तेव्हां डॉक्टरांनी दूध थोडे कमी करोन पाहा, इतुकेच सुचविले होते. समिधाबाईंनी त्याचे फर्मान केले की गाईचे, म्हशीचे, कोणाही जनावराचे दूध या घराचा उंबरा ओलांडणार नाही. आणि मोबाइलवर ज्या सडपातळ बायका पांढऱ्या ओट्यापुढे उभ्या राहोन जगास आरोग्य सांगतात, त्यांचे उपदेशाने बदामदुधाचे खोके मॉलातून आणविले. खोक्यावर हिरवे पान, बदामांची रास, आणि 'निसर्गाची देणगी' हा किताब. बाईसाहेबांनी पहिल्या घोटास अर्ज केला की हे गोड लागते. हुकूम जाहला की ती बदामाची उपजत गोडी, मुकाट प्यावे.

मग बाईसाहेबांचे रक्तात साखर चढली. फितुरी कोणाची याचा तपास होऊन आळ लाडवांचे डब्यावर आणि पर्यायाने बाईसाहेबांवर आला, आणि डबा फ्रिजचे माथ्यावर, हात न पोहोचे ऐशा गडावर कैद जाहला. बाईसाहेबांनी बदामदुधाचा पेला तेवढा तोंडास लाविला.

गृहप्रवेशाचे दिवशी गुरुजींनी व्हॉट्सॲपवर खलिता धाडिला की राहुकाळ लागण्यापूर्वी दूध उतू जावे, मागाहून आम्हांस विचारू नये. नवे पातेले चढले, गॅसला हळदकुंकू लागले. कौस्तुभरावांनी दबकत पुसले की आजपुरती एक पिशवी आणावी काय. समिधाबाईंनी केवळ पाहिले. तत्क्षणी रावसाहेब तोरण सरळ करण्याचे थोर मसलतीवर दरवाज्याकडे कूच करिते जाहले. बाईसाहेबही बोलल्या की नव्या घरात पहिल्याच दिवशी सुनेचा शब्द मोडणे नको, दूध म्हणतात ना त्यास, मग जाईल उतू.

खोके फोडोन बदामदूध पातेल्यात उतरले. आंच थोर केली. कडेस चार बुडबुडे आले, आणि मग फौजेत फूट पडोन कण एकीकडे, पाणी एकीकडे ऐसे जाहले. दुसरे खोके कुमकेस ओतिले, तेही शत्रूस मिळाले. वर चढण्याचे नाव नाही. राहुकाळ तो जवळ आला, आणि बाईसाहेब पदर धरोन पातेल्याकडे टक लावोन उभ्या.

इतुक्यात समोरील फ्लॅटच्या हंसाबेन नारळ घेऊन आल्या. त्यांणी पातेले पाहिले, रिकामे खोके उलटे केले, चष्मा नाकावर चढविला आणि पाठीमागील बारीक मजकूर वाचोन निकाल दिला,

"बहू, इसमें पहले पानी लिखेला है, पीछे साकर, पीछे बदाम. बदाम तो खाली मुँह दिखाने आया है."

समिधाबाईंनी खोके हिसकावोन स्वतः वाचिले. कायदा ऐसा की ज्याचे वजन अधिक त्याचे नाव आधी. बदाम साखरेचेही मागे उभे. त्यामागे घट्टपणास गोंद आणि वासास अर्क, म्हणजे विष नव्हे, परंतु बदामही नव्हेत. कॅल्शियम तेवढे वरून घातलेले का होईना, इमानाने हजर होते. पुढील बाजूची हिरवी पाने सहा महिने पाठ केली, पाठीमागील अक्षर एकदाही वाचिले नाही, ऐसी ही शिकलेल्या कारभाराची तऱ्हा.

समिधाबाईंची नजर खोक्यावरोन, नव्या घरीही फ्रिजचे माथ्यावरच चढविलेल्या लाडवांचे डब्यावर गेली, आणि तेथोन सासूबाईंकडे.

"आई, लाडू तुम्ही खाल्लेच नव्हते ना?"

"नव्हते गं. पण तू एवढ्या काळजीने डबा वर ठेवलास, म्हटलं असू दे."

मग समिधाबाई चपला अडकवोन निघाल्या. लिफ्टमध्ये कोणाचा सोफा अडकला होता, सबब खाशी स्वारी जिन्याने उतरली, आणि स्वतःचेच फर्मान स्वतःचे टाचेखाली तुडवीत म्हशीचे दुधाची पिशवी घेऊन धापा टाकीत परतली. तोरण आता सरळ जाहले, ऐसे जाहीर करीत कौस्तुभरावही आत आले.

दूध चढले. साय ताणली, फुगली, काठावर क्षणभर थांबली आणि चोहोकडोन कोसळली. नवा ओटा, नव्या फरशा, सर्व मुलूख पांढरा. सवयीने समिधाबाईंचा एक हात गॅसचे बटणावर आणि एक फडक्यावर गेला. बाईसाहेबांनी तिचे मनगट धरिले.

"राहू दे. आपल्याच ओट्यावर सांडतंय."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. तह ठरला तो ऐसा की बाईसाहेबांचे चहास बिनसाखरेचे सोयादूध, ज्यास कडधान्याचा वास येतो परंतु सत्त्व आहे. दही पोटास सोसेल तितुके. आणि कोणतेही खोके पाठीकडोन वाचल्याविना घरात घेणे नाही. राहुकाळ लागला तेव्हां ओटा ओलाच होता आणि मुंग्यांची रांग लागली होती. हंसाबेन झाडू मागत होत्या. बाईसाहेबांनी मुंग्यांस अभय दिले, आणि घरातले पहिले पाहुणे म्हणोन त्यांची नोंद करविली.