डाकबंगल्यातला कॉर्सेट

मी शिवप्रसाद. आखाडा बाळापुरात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, पण ते निव्वळ लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायला. खरा मी डिटेक्टिव्ह. व्हिक्टोरिया राणीच्या काळावरचे झाडून सगळे सिनेमे मी हिंदीतून पाहिलेत, त्यामुळे तो काळ मला माझ्या सासरवाडीपेक्षा जास्त ठाऊक आहे. मे महिन्यातही मी लांब काळा कोट घालतो.

औंढ्याजवळच्या जुन्या डाकबंगल्यात तसल्याच सिनेमाचं शूटिंग चालू होतं. तिथला कॉर्सेट हरवला आणि तांड्यावरच्या सुनितानं मला बोलावलं. कॉर्सेट म्हणजे गोऱ्या बायकांची कंबर आवळायची जाड चोळी. आत बांबूच्या कामट्या, मागं नाड्या. सुनितानंच तो शिवला होता.

"भाऊ, दुपारपर्यंत सापडला न्हाई तर पडद्यावर माझं नाव येनार न्हाई, असं साहेब म्हनून राहिले," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. मला फार वाईट वाटलं. तांड्यावरच्या कुणाचंच नाव आजवर पडद्यावर आलेलं नव्हतं.

"त्या काळी माणसं टेबलाचे पाय उघडे दिसले तरी लाजायची," मी दिग्दर्शकांना सांगितलं. "म्हणजे चोर लाजाळू आहे!"

सिनेमात नोकरच चोर असतो, म्हणून मी चहा देणाऱ्या खेमाला धरलं. "मी तर चहा देऊन राहिलो," तो म्हणाला. मग सिनेमात असतं म्हणून मृत्युपत्र शोधलं. मग माळ्यावर कोंडलेली वेडी बायको शोधली. तिथं वटवाघळं निघाली. कोट तेवढा उपयोगी पडला.

तेवढ्यात सुनितानं नटीला साधं विचारलं, "ताई, शेवटी कवा घातला व्हता?"

"काल तालमीत. मी तो खिडकीतून फेकते ना!"

"असल्या सिनेमात नायिका शेवटी कॉर्सेट फेकतेच," दिग्दर्शक म्हणाले. "स्त्रीचं बंधन आहे ते."

आम्ही खिडकीतून डोकावलो. खाली चंद्रभागाबाई शेळ्या चारत होती. दहा वर्षं कमरेत वाकलेली म्हातारी आज काठीशिवाय उभी होती. लुगड्यावर कॉर्सेट, नाड्या करकचून बांधलेल्या.

"वरून पडला, लेकरा," ती सुनिताला म्हणाली. "दवाखान्याचा पट्टा ढिला व्हतो. ह्यो बराबर बसला. जिनं शिवला तिचा हात लई चांगला हाय."

इतका वेळ रडकुंडीला आलेली सुनिता आता हसली. "साहेब, माझं नाव?"

"येईल, येईल! आजी, तो परत द्या. आमची नायिका तो फेकून मुक्त होणार आहे."

"फेकायचाच हाय ना? मंग मला काहून मागता?"

दिग्दर्शकांनी हात जोडले. शेवटी तिनं एका टेकपुरता कॉर्सेट दिला. नायिका मुक्त झाली, चंद्रभागाबाईनं तो खाली पदरात झेलला. दिग्दर्शकांना अजून एक टेक हवा होता, पण तोवर म्हातारी शेळ्या हाकत, ताठ कमरेनं, पार रस्त्यापलीकडं गेली होती.