चाळिसावा आवाज

मावशींच्या भाषेतले एकोणचाळीस आवाज वहीत उतरले. संशोधकाने रेकॉर्डर बंद केला, वायर गुंडाळली, आणि तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "एक राहिला."

ती भाषा बोलणारं मावशींखेरीज जगात कोणी उरलं नव्हतं. त्यांनी राहिला म्हटलं की राहिला. महिनाअखेरीला अहवाल द्यायचा होता, आणि तो अपुरा निघाला तर संशोधकाचं काम तिथेच थांबणार होतं. त्याने वायर पुन्हा सोडली.

"तो नुसता निघत नाही रे मास्तर. कोंबड्यांना बोलवायचा आवाज तो. समोर कोंबडी नसताना हाक मारायची, म्हणजे म्हातारपणी तोंडाला खोटेपणा लागायचा."

मावशी लेकीकडे तिसऱ्या मजल्यावर राहत. जावई इतके टापटिपीचे, की त्यांच्या पायपुसण्यावर पाय पुसायलाही पाहुणे बिचकत. गावचं घर सुटलं तेव्हा मावशींनी दोन कोंबड्या आणू का, असं भीतभीत विचारलं होतं. जावई "हे घर आहे" एवढंच म्हणाले होते. त्याला तीन वर्षं झाली.

संशोधकाने आता त्याच जावयांना गाठलं. एक भाषा मरते आहे आणि तुमची गॅलरी तिला वाचवू शकते, असं काहीबाही सांगून त्यांना पेचात धरलं. दुसऱ्या दिवशी तीन कोंबड्या आल्या. मावशींनी जीभ टाळ्याला लावून असा आवाज काढला, की संशोधकाच्या अंगावर काटा आला. कोंबड्या ढिम्म.

"यांना कुठली आपली भाषा? शिकतील आठ दिवसांत," मावशी म्हणाल्या. कोंबडी वळल्याशिवाय आवाज खरा धरू नये, असंही त्यांनी बजावलं.

त्या आठ दिवसांत जावयांच्या ऑफिसच्या बुटात अंडं निघालं. नवव्या दिवशी मात्र एका हाकेला तिघी धावत आल्या. संशोधकाने लिहिलं: 'हा आवाज केवळ कोंबड्यांसाठी.'

निरोपाचा चहा झाला. जावई टोपली घेऊनच उभे होते. "काम झालं ना? मग कोंबड्या परत."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि तोंडून एक आवाज निसटला. वैतागाचा. तोच, चाळिसावा. कोंबड्या तर बाहेर गॅलरीत होत्या.

संशोधकाची पेन्सिल थांबली. मावशी कपातला उरलेला चहा निरखू लागल्या.

त्याने वही मिटली. "अहो, ही भाषा समजणाऱ्या आता जगात चौघी आहेत," तो जावयांना म्हणाला. "त्यातल्या एकीलाही हलवता येणार नाही."