हरकत असल्यास पंधरा दिवसांत

परदेशगमन ही गंभीर बाब असून तीत घाई करणे कायद्याला मान्य नाही, हे तत्त्व जगातल्या सर्व प्रगत राष्ट्रांना आणि पांढरकवड्याच्या बसस्टँडमागच्या एका खोलीला पूर्णपणे पटलेले आहे. खोलीवर ‘अॅड. सेवादास राठोड, इमिग्रेशन अटर्नी’ अशी पाटी आहे. (तिच्यावरचं ‘शेताच्या धुऱ्याचे वाद, वाटणीपत्र’ खोडलेलं नाही; फक्त बारीक केलं आहे.)

ट्रॅक्टर मेकॅनिक बशीर तिथे जुलैत पोचला. लेक आरिफा अमेरिकेत, पहिलं बाळंतपण, दिवस दसऱ्याच्या सुमाराचे. मोहल्ल्यातली निम्मी पोरं बशीरच्या बायकोच्या, अमिनाबीच्या, हातचं न्हाऊन मोठी झालेली. पोटच्या पोरीच्या बाळाला पहिली आंघोळ दुसऱ्या कुणी घालावी, हे तिला मंजूर नव्हतं.

“व्हिसा भेटते, बशीरभाई,” वकील म्हणाले. “पण अमेरिका एकच गोष्ट इचारते. ही बाई वापस कायले येईन?”

कापसानं जिल्ह्याचं कंबरडं मोडलेल्या त्या वर्षांत इकडे वापस येण्याचं कारण भल्याभल्यांना सुचत नव्हतं.

वकीलसाहेबांना सुचलं. बावीस वर्षं शेतीच्या खरेदीखतांत गेलेल्या माणसाला कुठल्याही व्यवहाराआधी पेपरात नोटीस दिल्याशिवाय चैन पडत नाही. आठवड्यात ती छापून आली : ‘अमिनाबी जौजे शेख बशीर ह्या सहा महिन्यांकरिता अमेरिकेस जात आहेत. कोणाची हरकत, हक्क अथवा हितसंबंध असल्यास पंधरा दिवसांत पुराव्यासह कळवावे.’ शेजारच्या चौकटीत परिसरातलं कापूस खरेदी केंद्र बंद करण्याबाबत अशाच हरकती मागवल्या होत्या.

अमिनाबीवर एक्केचाळीस हरकती आल्या. एकोणीस बाळंतिणींच्या घरून, अकरा लोणच्यासंबंधी, सहा सासू-सुनांच्या (मध्यस्थ जात असल्याबद्दल), चार ‘आम्हाले आधी काहून नाई सांगितलं’ या मुद्द्यावर. एक खुद्द बशीरची होती. ती त्याने घरी समज मिळाल्यावर मागे घेतली.

वकीलसाहेब हरखले. इतक्या लोकांची ओढ असलेली बाई परत येणारच. तेव्हा प्रत्येक हरकत हा सोन्यासारखा पुरावा, आणि पुरावा म्हटला की सुनावणी आली. दर मंगळवारी दोन.

“माही सून आठव्यात हाय,” हरकतदार लीलाबाई म्हणाल्या. “लेकराले न्हाऊ कोण घालीन? अमेरिकेत का नळ नाईत?”

“नळ हायेत, लीलाबाई,” अमिनाबी म्हणाली. “हात नाईत.”

सुनेची साक्ष राहिल्याने पुढली तारीख पडली.

“साहेब, पोरगी थांबन का तारखेसाठी?” बशीरने विचारलं.

“घाई केली तं फाइल कच्ची राह्यते, बशीरभाई.”

पोरगी थांबली नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला : मुलगा झाला. अमिनाबीने फोन ठेवला, पदर खोचला आणि लीलाबाईंच्या दोन दिवसांच्या नातीला न्हाऊ घालायला गेली. त्या दिवशी तिने पाणी चारदा कोपर बुडवून पाहिलं म्हणतात.

फाइल होळीला पक्की झाली. पानं तीनशे बारा. मुंबईला अमेरिकन वकिलातीच्या खिडकीतल्या साहेबाने तिला हात लावला नाही. वापस क्यों आओगी, एवढंच विचारलं.

“इकतालीस लोगां की हरकत है, साब,” अमिनाबी म्हणाली. “मंगल को तारीख है.”

साहेब हसला. व्हिसा मंजूर झाला. एकूण वेळ दीड मिनिट. नातू तोवर पालथा पडायला लागला होता.

निघायच्या दिवशी लोणच्याची बरणी बांधायला बशीरने जुना पेपर घेतला. नोटिशीचंच पान निघालं. निरोपाला आलेल्या वकीलसाहेबांपुढे त्याने शेजारच्या चौकटीवर काळं बोट ठेवलं.

“साहेब, याच्यावर किती आल्या होत्या?”

वकीलसाहेबांनी चष्मा लावून वाचलं. “हे केंद्राचं? मीच गेलतो तिथं चौकशीले. निरंक.”

केंद्र दिवाळीआधीच बंद झालं होतं. हरकत घेतलेल्या एक्केचाळीस घरांपैकी एकतीस घरांत कापूस पडून होता. पेपर मात्र आपण सगळ्यांनीच वाचला होता. पान तेच होतं.